बातमी तुमची, गाव त्यांचं

पत्राचा गोषवारा: कोल्हापुरातल्या एका दैनिकात सहा वर्षं काम करणाऱ्या या वार्ताहर. महापालिका, पंचगंगेचा पूर, गणेशोत्सवाचा बंदोबस्त, सगळं करून झालेलं. एका छोट्या अभ्यासवृत्तीचे दीड लाख रुपये हातात आले आहेत आणि चौदा दिवसांची रजा जमली आहे. श्रीलंकेत करोनाकाळात मुस्लिमांच्या मृतदेहांचं सक्तीनं दहन झालं. त्या कुटुंबांना भेटून पाच भागांची मालिका लिहायची, असा बेत आहे. संपादक म्हणतात, ‘पर्यटक म्हणून जा, पत्रकार म्हणालीस की फाटे फुटतील.’ सहकारी म्हणतात, ‘तुझं आडनाव मुस्लिम, तू तुझ्याच लोकांचं लिहिणार.’ घरचे म्हणतात, ‘इथं काय कमी आहे म्हणून तिकडं?’ सिंहली येत नाही, तमिळही येत नाही. पीडितांना आवाज द्यायचा आहे, एवढं मात्र नक्की. जावं का, आणि गेल्यावर काय सांभाळावं?

नमस्कार.

जायला हरकत नाही. पण ‘आवाज द्यायचा आहे’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलं आहे, तिथं आधी थांबू.

ज्या कुटुंबांबद्दल तुम्ही लिहिणार आहात त्यांना आवाज होता आणि तो त्यांनी वापरलाही. मार्च २०२०च्या शेवटी पहिलं दहन झालं. एप्रिलमध्ये राजपत्र निघालं आणि करोनानं गेलेल्या प्रत्येकाचं दहन सक्तीचं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात तेव्हाही दफन आणि दहन दोन्हींना मुभा होती. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२०मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. त्याच महिन्यात वीस दिवसांच्या एका बाळाचं दहन झालं, तेव्हा कोलंबोच्या बोरेल्ला स्मशानभूमीच्या कुंपणाला लोकांनी पांढरी फडकी बांधली, आणि बांधणारे फक्त मुस्लिम नव्हते. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस दफनाला परवानगी मिळाली, पण ती पूर्वेकडच्या बट्टिकलोआ जिल्ह्यातल्या ओट्टमावडीत. जुलै २०२४मध्ये मंत्रिमंडळानं माफी मागितली.

म्हणजे ही गोष्ट दबून राहिलेली नाही. ती सांगितली गेली आहे, न्यायालयात मांडली गेली आहे, आणि मार्च २०२१मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेवरचा ठराव २२ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला तेव्हाही ती चर्चेत होती. १४ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता. तिथं कुणी तुम्हाला ‘तुमच्या देशानं काय केलं?’ असं विचारलं तर उत्तर तयार असू द्या.

मग तुमच्यासाठी काय उरतं? माझ्या मते, माफीनंतरचं उरतं. माफी मागितली म्हणजे नेमकं काय झालं? भरपाई ठरली का, कुणाला मिळाली? सक्तीचा निर्णय कुठल्या तज्ज्ञ समितीच्या कुठल्या कागदावर झाला, आणि त्या कागदाचा जाब कुणी दिला? घरापासून शेकडो किलोमीटरवर पुरलेल्या माणसाच्या कबरीवर त्याचे लोक वर्षातून किती वेळा जाऊ शकतात? हे प्रश्न लहान आहेत, पण दहा दिवसांत मिळण्यासारखे आहेत. चौदातले दहाच दिवस कामाचे धरा. उरलेले प्रवासात, भेटी रद्द होण्यात आणि पावसात जातात. पाच भाग सोडून द्या. दोन भाग नीट होतील.

दुसरं गृहीतक असं की हे सगळं धर्मामुळं झालं. असेल. पण आधी एक प्रयोग करून बघा: घटनेच्या टिपणातून ‘धर्म’ हा शब्द खोडा आणि काय उरतं ते वाचा. मार्च २०१८मध्ये कँडीजवळच्या दिगनमध्ये मुस्लिमांची दुकानं आणि मशिदी जळाल्या. सुरुवात कशानं झाली होती? रस्त्यावरच्या भांडणात मारहाण झालेला सिंहली ट्रकचालक रुग्णालयात मेला. त्या भांडणापासून जळालेल्या दुकानांपर्यंत जे घडलं ते कुणीतरी घडवलं, आणि फेसबुकवरच्या मजकुराचा त्यात मोठा वाटा होता. सरकारनं आणीबाणी लावून फेसबुक, व्हॉट्सॲप काही दिवस बंद केलं. जून २०२३मध्ये कोल्हापुरात एका मोबाइल स्टेटसवरून काय झालं आणि इंटरनेट कसं बंद झालं, हे तुम्ही स्वतः वार्तांकन केलेलं असणार. ‘दोन धर्मांत तेढ’ एवढंच बाहेरच्यानं लिहिलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का? तसंच नांदणीचं. तिथल्या जैन मठातली महादेवी हत्तीण जुलै २०२५मध्ये न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला गेली. तीन दिवसांसाठी आलेल्या परदेशी पत्रकाराला तिथं दोनच बातम्या दिसल्या असत्या: प्राण्यांचे हक्क विरुद्ध श्रद्धा, नाहीतर अल्पसंख्य जैनांवर अन्याय. शिरोळ तालुक्यातल्या माणसाला विचारा, यातली एक तरी पुरी आहे का. श्रीलंकेत तुम्ही तोच तीन दिवसांचा पाहुणा असणार आहात.

आता कामाचं. मानवी हक्क हा भावनेचा शब्द म्हणून वापरू नका, कायद्याचा म्हणून वापरा. वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखा: कुठला हक्क, तो कुठल्या कागदात लिहिला आहे, तो कुणी मोडला, आणि दाद कुठं मागता येते. हे चार भरले नाहीत तर तुमच्याकडं दुःख आहे, बातमी अजून नाही.

श्रीलंकेसाठी पहिले दोन रकाने कोल्हापुरात बसूनच भरता येतात. १९७८च्या राज्यघटनेचा अनुच्छेद ९ बौद्ध धर्माला अग्रस्थान देतो. अनुच्छेद १० विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य देतो, तर १४ (१) (ङ) धर्म उघडपणे आचरण्याचं. हे तिन्ही एकत्र वाचायचे. नुसता ९ उद्धृत केला तर देश धर्मराज्य वाटतो, नुसता १० केला तर सगळं आलबेल. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराला श्रीलंका १९८० पासून बांधील आहे. त्याचं कलम १८ धर्म पाळण्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालू देतं, पण ती कायद्यानं घातलेली, सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे हक्क यांसाठी आवश्यक असलेलीच हवी. सक्तीच्या दहनाचा सगळा वाद ‘आरोग्यासाठी आवश्यक’ या दोन शब्दांवर उभा आहे. त्यामुळं तुमच्या मालिकेतली सगळ्यात महत्त्वाची मुलाखत कदाचित कुटुंबाची नसेल, भूजलतज्ज्ञाची किंवा विषाणुतज्ज्ञाची असेल. मृतदेहातून भूजल दूषित होईल, हाच सरकारचा युक्तिवाद होता.

तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. जमावानं दुकान जाळलं तर तो गुन्हा. पोलिसांनी बघत राहून ते जळू दिलं तर ते राज्यानं केलेलं हक्काचं उल्लंघन. दोन्हींचे आरोपी वेगळे, पुरावे वेगळे. २१ एप्रिल २०१९च्या ईस्टर स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं गेली. स्फोट आत्मघातकी हल्लेखोरांनी केले, पण जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला सांगितली, कारण आगाऊ इशारा मिळूनही नागरिकांचं रक्षण झालं नाही. चौथा रकाना कसा भरतात ते या निकालातून शिकावं. तिथं मूलभूत हक्कासाठी अनुच्छेद १२६खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण घटनेपासून एका महिन्याच्या आत. म्हणून ‘तुम्ही कोर्टात का गेला नाहीत?’ असं ताडकन विचारू नका. घरात मयत झालेल्या माणसाला महिना कधी संपला ते कळतही नाही.

पार्श्वभूमीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या सार्वत्रिक आवर्ती आढाव्याचे कागद वाचा. प्रत्येक देशाचा आढावा साधारण साडेचार वर्षांनी होतो आणि प्रत्येक वेळी तीन दस्तऐवज असतात: सरकारचा अहवाल, संयुक्त राष्ट्रांचं संकलन आणि संस्था-संघटनांच्या म्हणण्याचा सारांश. तिन्ही शेजारी ठेवून वाचले की कोण कुठं गप्प बसलंय ते दिसतं. अमेरिकेच्या अहवालांबाबत आपल्याकडं नेहमी एक गफलत होते. १९९८च्या कायद्यानं नेमलेला धर्मस्वातंत्र्य आयोग फक्त शिफारस करतो, विशेष चिंतेच्या देशांची यादी परराष्ट्र खातं जाहीर करतं. आयोगानं म्हटलं म्हणजे ‘अमेरिकेनं ठरवलं’ असं होत नाही. प्यू संशोधन केंद्र सरकारी निर्बंध आणि सामाजिक वैरभाव असे दोन वेगळे निर्देशांक काढतं. ‘धर्मस्वातंत्र्यात अमुक क्रमांक’ असा मथळा त्यातून काढणं म्हणजे पाऊस आणि पूर एकाच मापानं मोजणं.

शब्दांवर थोडा जास्त वेळ घालवते, कारण मराठीत लिहिणाऱ्याची खरी अडचण इथंच आहे.

‘बौद्ध’ हा शब्द घ्या. मराठी वाचकाच्या मनात त्याबरोबर १९५६ची नागपूरची दीक्षाभूमी येते, डॉ. आंबेडकर येतात. आपल्या जिल्ह्यात तर १९२०ची माणगाव परिषद आणि शाहू महाराजही येतात. इथं हा शब्द मुक्तीचा आहे, अल्पसंख्याकांचा आहे. श्रीलंकेत २०१२च्या जनगणनेनुसार ७० टक्के लोक बौद्ध आहेत आणि घटनेतलं अग्रस्थान त्यांच्या धर्माला आहे. ‘बौद्धांनी मुस्लिमांवर हल्ला केला’ असं वाक्य कोल्हापूरच्या दैनिकात छापलंत की दोन गोष्टी होणार: इथल्या बौद्ध वाचकाला ते विनाकारण लागणार, आणि ज्यांना दोघांविरुद्ध वापरायचं आहे ते त्याचं कात्रण फिरवणार. म्हणून कर्ता नेमका लिहा. ‘बोदू बल सेना या २०१२मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे लोक’, ‘दिगनमधला जमाव’, ‘आरोग्य मंत्रालय’. भिक्खूंचंही तसंच. सियाम, अमरपूर, रामञ्ञ अशा भिक्खूसंघाच्या परंपरा (निकाय) आहेत, कँडीचे मल्वत्त आणि अस्गिरीय असे दोन प्रमुख विहार आहेत. सगळ्यांच्या वतीनं बोलणारा एक माणूस नाही. कट्टर संघटनांना उघड विरोध केल्यामुळं मार खाल्लेले भिक्खूही आहेत. त्यांना ‘तोल साधायला’ शेवटच्या परिच्छेदात टाकू नका.

‘मुस्लिम’ही तिथं सरळ नाही. तिथले बहुतेक मुस्लिम घरी तमिळ बोलतात, पण स्वतःला तमिळ म्हणवत नाहीत, जनगणनेतही त्यांची वेगळी नोंद होते. ऑगस्ट १९९०मध्ये काट्टानकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभरहून अधिक लोकांना मारल्याचा आरोप तमिळ वाघांवर (एलटीटीई) आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तरेतल्या सत्तर हजारांवर मुस्लिमांना त्यांनीच हाकललं. त्यातली कितीतरी कुटुंबं अजून पुत्तलमकडं आहेत. तमिळ वाघांनी हाकललेला म्हातारा, करोनात वडिलांचं दहन बघितलेला त्याचा मुलगा: एकाच घरात दोन वेगळे गुन्हेगार. ‘बहुसंख्य विरुद्ध अल्पसंख्य’ या साच्यात हे घर बसत नाही.

‘दंगल’ लिहिताना दोन बाजूंनी दगड आले होते का ते तपासा. एकाच बाजूची दुकानं जळाली असतील तर तो हल्ला. ‘अत्याचार’ आपण इतक्या गोष्टींना वापरतो की त्याला धार उरलेली नाही. काय केलं ते लिहा. इथं तुमचं घरचं ज्ञान कामाला येईल. ‘अंत्यसंस्कार नाकारले’ असं लिहिण्याऐवजी विचारा: गुस्ल (मृतदेहाची अंघोळ) झालं का, कफन घालता आलं का, जनाज्याची नमाज कुणी आणि कुठं पढली, चेहरा बघू दिला का? प्रत्येक घरी उत्तर वेगळं येईल.

व्हिसाबद्दल संपादकांचं ऐकू नका, हे स्पष्ट सांगते. पर्यटनाची ऑनलाइन परवानगी पत्रकारितेसाठी नसते. पकडलं गेलं तर तुम्हाला परत पाठवतील, फार तर पुढं प्रवेश नाकारतील. पण तुमचा फोन उघडला गेला तर त्यातली नावं तिथंच राहणार आहेत. तुमच्यासोबत फिरणारा स्थानिक माणूस तर त्याच गावात राहतो. रीतसर मार्ग असा: मुंबईतल्या श्रीलंकेच्या वाणिज्य दूतावासाकडं निदान सहा ते आठ आठवडे आधी अर्ज, सोबत दैनिकाच्या लेटरहेडवर पत्र, अभ्यासवृत्तीचं पत्र, ठिकाणांची यादी, कॅमेरा आणि रेकॉर्डरच्या अनुक्रमांकांची यादी. परदेशी पत्रकारांची नोंदणी तिथलं सरकारी माहिती खातं करतं. विषय खरा लिहा, पण व्यक्तींची नावं लिहू नका. ‘महामारीतले अंत्यविधी आणि सार्वजनिक आरोग्याचे निर्णय’ हा तुमचाच विषय आहे.

नाकारलं तर? मग जाऊ नका, आणि त्याला हार समजू नका. दीड लाखातला मोठा भाग श्रीलंकेतल्या एखाद्या तमिळभाषक पत्रकाराला मानधन म्हणून द्या, दोघांच्या नावानं लिहा. तिथला माहितीचा अधिकार २०१६च्या कायद्यानं फक्त नागरिकांना आहे. तो अर्ज तुम्ही गेलात तरी करू शकत नाही, तो पत्रकार करू शकतो. खरं सांगायचं तर काही विषयांना हाच मार्ग बरा असतो, फक्त त्यात आपला विमानतळावरचा फोटो येत नाही.

गेलात तर दोन दुभाषे लागतील. कुटुंबांकडं तमिळ, सरकारी कचेऱ्यांत सिंहली. गावातलाच दुभाषा घेऊ नका. त्याच्यासमोर लोक भावकीचं बोलणार नाहीत. मुस्लिम बायकांशी बोलायला दुसऱ्या गावातली तमिळभाषक स्त्री सगळ्यात बरी. पहिल्या दिवशी तीन गोष्टी ठरवा. ‘तो म्हणतो की’ न म्हणता ‘मी’ असंच भाषांतर करायचं. वाक्य सुंदर करायचं नाही. धार्मिक शब्द मूळचे तसेच ठेवायचे. तासाभराच्या मुलाखतीला भाषांतरामुळं दोन तास लागतात, म्हणून दिवसाला दोनच. परत आल्यावर प्रत्येक ध्वनिमुद्रणातला निदान दहावा हिस्सा, आणि अवतरणचिन्हांत छापणार असाल ते प्रत्येक वाक्य, चेन्नईतल्या दुसऱ्या तमिळभाषकाकडून तपासून घ्या. हा चिकटपणा वाटत असेल तर अहनाफ जजीम या तरुण कवीचं प्रकरण वाचा. त्याच्या तमिळ कवितांत तपासयंत्रणेला अतिरेक दिसला आणि तो मे २०२० ते डिसेंबर २०२१ कोठडीत होता. तमिळ वाचणारे सांगत होते, कविता हिंसेच्या विरोधातल्या आहेत.

आणि मानवी हक्कांच्या नावाचा कायदाही उलटा फिरतो, हे ध्यानात असू द्या. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नावानं श्रीलंकेनं २००७मध्ये कायदा केला. त्याचं कलम ३ धार्मिक द्वेष पसरवण्याविरुद्ध आहे. एप्रिल २०१९मध्ये भिक्खूंच्या तक्रारीवरून शक्तिक सत्कुमार या लेखकाला एका लघुकथेसाठी त्याच कलमाखाली अटक झाली. जामीन मिळेपर्यंत चार महिने गेले. तुमच्या लेखात एखाद्या गावकऱ्यानं भिक्खूंबद्दल रागात काढलेला शब्द तसाच छापला गेला, तर ते कलम तुम्हाला नाही, त्याला लागेल.

‘मराठीत कोण वाचणार तिकडं?’ या भरवशावर राहू नका. ई-पेपरमधला मजकूर फोनवर कुणीही सिंहलीत करून वाचू शकतो. संमती घेताना हे तोंडानं सांगा, आणि संमती तीनदा घ्या: बोलण्याआधी, बोलणं संपल्यावर, आणि छापण्याच्या आधी फोनवर. दुसऱ्या वेळी लोक बऱ्याचदा एखादा तपशील मागं घेतात. तो मुकाट द्या. नाव बदललं तरी ‘तीन मुली आणि बाजारात शिलाईचं दुकान’ एवढ्यावरून गाव माणूस ओळखतं. दुकानाची पाटी, शाळेचा गणवेश, मशिदीचा मिनार फोटोत येऊ देऊ नका, फोनचं लोकेशन कॅमेऱ्यापुरतं बंद करा. नावं एका वहीत, मुलाखती दुसरीकडं नुसत्या क्रमांकानं. दोन्ही एका पिशवीत नकोत. फोनला बोटाचा ठसा नको, सहा किंवा जास्त आकडी संकेतांक ठेवा. ध्वनिमुद्रण रोज रात्री कूटबद्ध करून पाठवा आणि फोनवरून काढून टाका. विमानतळावर रिकामा फोन घेऊन या.

कुणी न मागता कागद हातात ठेवला तर घेऊ नका. म्यानमारमध्ये रोहिंग्या पुरुषांच्या हत्याकांडाचा शोध घेणाऱ्या रॉयटर्सच्या वा लोन आणि क्याव सो ऊ यांना डिसेंबर २०१७मध्ये पोलिसांनी जेवायला बोलावलं, गुंडाळलेले कागद दिले, आणि बाहेर पडताच अटक केली. पाचशेहून अधिक दिवस ते तुरुंगात होते.

मुलाखतीत ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ हा पहिला प्रश्न नको, शक्यतो कितवाच नको. माणूस कसा होता, काय काम करायचा, इथून सुरू करा. मग तारखांनी पुढं चला: ताप कधी, रुग्णालय कुठलं, कागद कुणी दिला, सही कुणी केली. शेवट नेहमी आजच्या दिवसावर आणा, रडत्या माणसाला त्या स्मशानात सोडून उठू नका. ज्यांनी हेच आधी चार जणांना सांगितलं आहे त्यांची छापलेली साक्ष आधी वाचा आणि फक्त राहिलेलं विचारा. पैसे देऊ नका, मदतीचं आश्वासनही नको. चहा तुम्ही पाजलात तर चालेल. लैंगिक हिंसा भोगलेल्यांशी बोलायची वेळ आली तर २०२२ची मुराद आचारसंहिता वाचल्याशिवाय बोलूच नये, आणि पहिल्याच परदेश दौऱ्यात तर नकोच.

दुसऱ्या बाजूला लेखी प्रश्न पाठवा. आरोग्य मंत्रालय, पोलीस, गरज असेल तर विहार, प्रत्येकाला निदान तीन दिवस. प्रश्नात साक्षीदार ओळखू येईल असा तपशील नको. एका आरोपाला एका प्रकारचा पुरावा पुरत नाही: साक्ष असेल तर कागद शोधा, कागद असेल तर तो ज्यानं लिहिला त्याला विचारा. मे २०१९मध्ये तिथल्या एका दैनिकानं पहिल्या पानावर छापलं की एका मुस्लिम डॉक्टरनं हजारो सिंहली मातांची चोरून नसबंदी केली. कुरुणेगलच्या एका डॉक्टरला अटक झाली. तपासात पुरावा मिळाला नाही, पुढं तो कामावर परत घेतला गेला. बातमी मात्र अजून फिरते. तो वार्ताहर आणि तुम्ही एकाच धंद्यातले आहात.

आता आडनाव. सहकाऱ्यांना वाटतं तुम्ही पक्षपाती असाल, तुम्हाला मनातून वाटतं की दारं पटकन उघडतील. दोन्ही अर्धवट. दार उघडेल, पण ‘आपलीच मुलगी’ म्हणून काही प्रश्न विचारूच देणार नाहीत. एक प्रश्न मुद्दाम विचारा. तिथला मुस्लिम विवाह आणि घटस्फोट कायदा १९५१चा आहे. त्यात लग्नाचं किमान वय नाही, बारा वर्षांखालच्या मुलीसाठी फक्त काझीची परवानगी लागते, आणि बाई काझी होऊ शकत नाही. तिथल्या मुस्लिम बायका कित्येक वर्षं हा बदलायला झगडत आहेत. दहनाच्या बातमीत हे कोंबायचं नाही, ‘बघा, मी तटस्थ आहे’ हे दाखवायला तर मुळीच नाही. पण ज्या बाई जनाज्याच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या, त्याच या कायद्याविरुद्धही उभ्या असतील, तर त्यांची ओळख अर्धी छापू नका. राहिला आडनावाचा प्रश्न, तर देशपांडे किंवा पाटील तिकडं गेले असते तर त्यांना कुणी हे विचारलं नसतं, एवढं सहकाऱ्यांना शांतपणे सांगा.

घरच्यांसाठी: श्रीलंकेचं घड्याळ आपल्याबरोबरच चालतं, म्हणून सकाळी आठ आणि रात्री नऊ अशा दोन वेळा कोल्हापुरातल्या एकाच माणसाला फोन. रात्रीचा फोन दोन तास चुकला तर त्यानं कोणाला कळवायचं, हे कागदावर: कोलंबोतलं भारताचं उच्चायुक्तालय, कँडीतलं सहायक उच्चायुक्तालय किंवा जाफना आणि हंबनटोटाचे वाणिज्य दूतावास, जे जवळ असेल ते. वैद्यकीय विमा हवाच. विहारात खांदे-गुडघे झाकलेले, पादत्राणं बाहेर, आणि बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो नाही. यावरून पर्यटकांना पोलिसांकडं जावं लागलं आहे.

दीड लाखाचा तिसरा हिस्सा परतल्यानंतरच्या कामासाठी बाजूला ठेवा: भाषांतराची फेरतपासणी, फोन, कायदेशीर वाचन. ध्वनिमुद्रणाचा एक तास कागदावर उतरवायला चार ते सहा तास जातात, हे संपादकांना आधी सांगा, नाहीतर परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘पहिला भाग कधी?’ सुरू होईल. छापून आल्यावर ज्यांची नावं किंवा शब्द त्यात आहेत त्यांना सातव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा: कुणी विचारायला आलं का? आलं असेल तर ई-पेपर आणि संकेतस्थळावरून ते नाव त्याच दिवशी काढलं जाईल, मथळा आणि फोटोओळ तुम्हाला दाखवल्याशिवाय जाणार नाही, ही दोन वाक्यं संपादकांकडून लेखी घ्या. तिकीट काढायच्या आधी.